भिंतीला लागणारा वारा

झटका तसा किरकोळच होता. मेन बंद होतं, बटण बंद होतं, तरी पंख्याच्या वरची वाटी खाली सरकवून त्यानं आत बोट घातलं मात्र, कंडेन्सरनं करंगळीला असा चावा घेतला की दातांत धरलेला टेस्टर सुटला, आईच्या खांद्यावर आपटला आणि घरंगळत बाबांच्या खाटेखाली गेला. कंडेन्सर हा प्राणीच तसा. वीज गेली तरी थोडी पोटात धरून बसतो, आणि पहिला जो हात लावील त्याच्यावर काढतो. हे त्याला माहीत होतं. बाबांनीच लहानपणी सांगितलं होतं, आणि सांगताना डोक्यात टपली मारली होती, म्हणजे ध्यानात राहावं. टपली ध्यानात राहिली.

"लागला?" आईनं खालून विचारलं. ती दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती, वर न बघता.

"नाही."

"त्यांना कधी लागला नाही. कधी म्हणजे कधीच नाही. करंटसुद्धा त्यांना विचारून यायचा." हे कौतुक होतं की दुसरं काही, ते तिच्या आवाजावरून कुणालाच ओळखता आलं नसतं. वर्षानुवर्षांच्या सरावानं तिनं असा एक आवाज तयार केला होता, ज्याला ना उजवी बाजू होती ना डावी.

"टेस्टर दे ना."

"स्टूल सोडू?"

"सोड जरा वेळ."

"पडशील. मग दोघादोघांचं करत बसू का मी?" असं म्हणत तिनं स्टूल सोडलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि स्टुलासाठी मधून भिंतीशी सरकवलेल्या खाटेखाली चाचपडू लागली. खाटेवर बाबा होते. म्हणजे डावा हात होता आणि डोळे होते. बाकीचं सगळं आता नुसतं धुवायचं आणि पुसायचं. जीभ गेली होती, उजवी बाजू गेली होती, पण डोळे असे काही शाबूत होते की डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर गळ्यातली नळी सरळ करायचा. त्या डोळ्यांनी बाबा खाली पडलेल्या टेस्टरकडे नव्हे, वर अधांतरी उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या त्या मुलाला, ज्याच्या स्वतःच्या कानशिलांवर पांढरं दिसू लागलं होतं, आपली चड्डी सैल झाल्यासारखं वाटलं. "आवाज येतोय पंख्याचा, बाबा," त्यानं वरूनच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, जसं काही कान गेले होते. "कंडेन्सर बदलतोय. बाकी कशाला हात लावत नाही."

हे खोटं होतं. पंख्याचा आवाज येत नव्हता. पंखा उलटा फिरत होता. आजचा नव्हे, तो शाळेत होता तेव्हापासूनचा. आणि आज तो आला होता तो नेमका ज्याला हात लावणार नाही म्हणत होता त्यालाच हात लावायला. दोन वायरींची अदलाबदल करायची. एवढंच. चहा निवायच्या आत होणारं काम.

खोटं वाटेल, पण त्या घरातली माणसं इतकी वर्षं उलट्या पंख्याखाली जगली. बाबा वजनमापं तपासायच्या खात्यात होते. हातात छोटी हातोडी, खिशात शिशाच्या मोहरा, आणि दुकानात शिरले की गल्ल्यावरचा माणूस आपोआप उभा. तराजूचं पारडं बोटानं नुसतं खाली दाबायचे, सोडायचे, आणि ते वरखाली होत थांबेपर्यंत दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायचे. पारड्याकडे नाही. एका दुकानातला जुना तराजू म्हणे बाबा दारात दिसताच लाजून एका बाजूला झुकला आणि दिवसभर तसाच राहिला. तराजू खरा निघाला तर त्यावर शिशाची मोहर, सालासकट. खोटा निघाला तर जप्त. असं आयुष्यभर दुसऱ्यांचं खरंखोटं केलेला माणूस घरी येऊन स्वतःचं काय चुकलं म्हणणार? नळ, इस्त्री, दाराची कडी, रेडिओ, सगळं ते स्वतः उघडायचे. कारागीर घरात येणं म्हणजे त्यांना बाटल्यासारखं वाटे. शेजारचे त्यांना मागून 'दुरुस्ती' म्हणत. दुरुस्ती आली, दुरुस्ती गेली, आज दुरुस्तीच्या घरात अंधार आहे. आणि एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी हा पंखा उतरवला. वर्तमानपत्रावर पाती वेगळी, मोटर वेगळी, स्क्रू बशीत. एखादा मोठा पक्षी सोलून ठेवावा तसा तो दिवसभर खोलीत पडून होता. त्यानं स्वतः बॅटरी धरली होती बाबा वर जोडत होते तेव्हा. काळा, बुटका कंडेन्सर आणि तीन वायरी त्याला अजून दिसत. मग बटण दाबलं. पंखा गरगरला. बाबा खाली उतरले, हात पुसले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, मान वर करून, डोळे मिटून, आणि सगळे वाऱ्याची वाट बघू लागले.

वारा आला नाही. खाली आला नाही, म्हणजे. पंखा हवा वर ओढत होता, छताला आपटत होता, आणि ती छतावरून सरपटत जाऊन चारी भिंतींवरून खाली उतरत होती. पण हे असं त्या वेळी कुणाला सुचायचं? खोलीच्या मधोमध नुसता दमट, उभा उकाडा, आणि वर पाती गरगर गरगर.

"वारा येत नाही हो," आई म्हणाली. साधं म्हणाली, जसं मीठ कमी आहे म्हणावं.

बाबांनी डोळे उघडले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पारडं स्थिर व्हायची वाट बघावी तसं. "कॅलेंडर बघ," ते म्हणाले.

भिंतीवरचं कॅलेंडर खरोखरच फडफडत होतं. पानं उचलून उचलून पडत होती, पुढचे महिने दाखवत होती.

"कॅलेंडरला लागतो आणि तुला लागत नाही. मग दोष कुणाचा?"

त्या दिवसापासून आईच्या अंगात उष्णता आली. अशी की तिच्यावर पापड भाजून घ्यावा. बाबांनी तिला रक्त तपासायला नेलं. रक्तात काही सापडलं नाही, तर म्हणाले, उष्णता रक्तात नसते, स्वभावात असते. पाहुण्यांसमोर ते उलटा तळहात तिच्या कपाळाला लावत आणि झटकन मागे घेत, चटका बसल्यासारखा, आणि पाहुणे हसत. "भट्टी आहे हो, भट्टी. पंखा बिचारा काय करणार?" मग त्यांच्या लक्षात आलं की तिच्या उष्णतेनं खोलीही तापते. तेव्हापासून आई स्वयंपाकघरात झोपू लागली. तिथे पंखाच नव्हता. पहिल्या दिवशी चटई उचलून नेताना तिनं त्याच्याकडे बघितलं होतं, दारातून, वळून. त्यानं कॅलेंडरकडे बघितलं. कॅलेंडरवर कुठल्याशा डोंगराचं चित्र होतं, बर्फाचं.

माणूस कशालाही सरावतो असं नाही. माणूस भिंतीकडे सरकतो. हळूहळू ते सगळे भिंतींना पाठ लावून बसू लागले. जेवायला भिंतीशी, अभ्यासाला भिंतीशी, बोलायचं तर या भिंतीवरून त्या भिंतीवर. मधली फरशी मोकळी. नवा पाहुणा दारातून डोकावला की घरात काही बरंवाईट झालंय असं समजून चपला काढता काढता चेहरा पाडायचा. मधोमध खुर्ची टाकून एकटे बाबा. बनियन पाठीला चिकटलेलं, मानेच्या घडीत घामाची रेघ, हातात वर्तमानपत्र, आणि चेहऱ्यावर गार वाऱ्यात बसलेल्या माणसाचं समाधान. ते वर्तमानपत्र त्यांनी एकदाही पंख्यासारखं हलवलं नाही. हे त्याला नंतर फार वर्षांनी आठवलं. कुणीही हलवलं असतं.

"सापडला का गं?"

"थांब. पलीकडे गेलाय," आई खाटेखालून म्हणाली. तिचा आवाज तिथून पोकळ येत होता. "तुझा मामा असता तर हातानं केलं असतं त्यानं, टेस्टरबिस्टर न लावता."

मामा. एवढं एक बोलणं तिनं सहज टाकलं आणि तो वर स्टुलावर एकदम जड झाला. मामा आईचा धाकटा भाऊ, छापखान्यात यंत्रावर काम करणारा, हसताना आवाज न करता नुसते खांदे हलवणारा. एकदा दुपारी तो आला, मधोमध उभा राहिला, मान वर केली आणि त्याचे खांदे हलू लागले. "अहो भाऊजी," तो म्हणाला, "छताला उकडत होतं का? हा पंखा हवा वर फेकतोय. दोन वायरी इकडच्या तिकडे करा, झालं. द्या पक्कड, मी करतो." बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, अगदी नीट, कडेवर कड. मग आईला म्हणाले, "सांग तुझ्या भावाला." आणि आई, भिंतीशी बसलेली, म्हणाली, "मलाच उष्णता आहे रे." मामानं तिच्याकडे बघितलं. त्याचे खांदे थांबले. चहा न पिता गेला आणि पुन्हा आला नाही. तो आजारी पडला तेव्हा आईला जायचं होतं, तर बाबा म्हणाले, जा की, तिकडे सरळ वारा आहे म्हणतात. ती गेली नाही. तो मेला तेव्हा मात्र माय-लेक दोघं गेले. बाबांना म्हणे रजा नव्हती.

टेस्टर सापडला. आईनं तो पदराला पुसून वर दिला आणि पुन्हा स्टूल धरलं. "कशाला हात लावतोस?" ती हळूच म्हणाली, बाबांना ऐकू जाईल इतकंच हळू. "त्यांनी लावलाय तो."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं."

डॉक्टरनं दोघांसमोर बाबांना कुशीवर वळवून पाठ दाखवली होती. खाली, कमरेच्या हाडाशी, लाल, ओलसर, मुठीएवढा डाग. त्याच्या मधोमध पिवळट ठिपका. "ही जागा कोरडी राहिली पाहिजे," डॉक्टर म्हणाला. "अंगावर पांघरूणबिंघरूण काही नको. कुशी बदलत राहा आणि चोवीस तास वारा लागू द्या. आत्ता हे कातडीत आहे. हाडात उतरलं की मग मला बोलावू नका, उपयोग नाही." आणि जाता जाता पंख्याखाली घाम पुसत, "फारच उकडतं हो तुमच्याकडे," म्हणाला. आई म्हणाली, "यांच्या अंगात उष्णता आहे."

तेव्हा पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं होतं, की हे काहीतरी चालू आहे. मग तो जास्त वेळा येऊ लागला, संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करून, आणि भिंतीशी बसून बघू लागला. आई बाबांचं सगळं करायची. भरवायची, पुसायची, चादर बदलायची, हात लागेल तिथे अलगद. कुणीही बघितलं असतं तर बायको असावी तर अशी, असंच म्हटलं असतं. फक्त अधूनमधून बाबा डावा हात उचलून वर बोट करत, पंख्याकडे, जोरात कर म्हणून. आई उठून बटण शेवटच्या आकड्यावर न्यायची. पाती दिसेनाशी व्हायची. बाबांच्या छातीवर घाम तसाच. बोट पुन्हा वर. "अजून?" आई म्हणायची. "येतोय की. कॅलेंडर बघा." आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून डोकं भिंतीकडे वळवायची. पुरतं वळलेलं डोकं परत आपलं आपण फिरवणं त्यांना जमत नसे. मग ती स्वयंपाकघरात निघून जायची, आणि बाबा अर्धा अर्धा तास फडफडणारं कॅलेंडर बघत पडायचे. चालू महिना, पुढचा महिना, चालू महिना, पुढचा.

त्यानं टेबलफॅन आणला होता. आईनं निमूटपणे खाटेशेजारी लावून दिला. वारा बाबांच्या चेहऱ्यावर पडला, पांढरे केस हलले, आणि क्षणभर त्यांचे डोळे मिटले, लहान मुलाचे मिटावेत तसे. मग उघडले. डावा हात सरपटत गेला, वायर सापडली, आणि एका हिसक्यासरशी टेबलफॅन तोंडावर आपटला. जाळी चेपली. आई म्हणाली, "बघ. त्यांना नको आहे." कारण टेबलफॅन घेतला म्हणजे वरच्या पंख्याचा वारा येत नाही असं झालं असतं. त्या एका बाबतीत दोघा नवराबायकोचं आयुष्यभर एकमत होतं. बाहेरचा वायरमन बोलवायची गोष्ट काढली तर आई डोळे मोठे करून म्हणाली, "ते जागे असताना? परक्या माणसानं त्यांच्या पंख्याला हात लावायचा?" म्हणून मग त्यानंच यायचं ठरलं. आवाजाचं निमित्त, नवा कंडेन्सर खिशात.

बाबा मेले तर? हा विचार त्यानं पंख्याची दांडी एका हातानं धरून, हवेत, स्वच्छ केला. दुकानात काच घालून बघायचा तसा. तो चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचा. अंधारी खोली, समोर अक्षरांच्या उतरत्या ओळी, गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट, आणि तो एकेक काच टाकत विचारायचा: आता बरं की आधी बरं? कधीकधी, कंटाळा आला की, तीच काच काढून पुन्हा तीच घालायचा. आता? आणि माणसं, शिकलेली, मोठमोठ्या हुद्द्यांवरची, डोळे बारीक करून म्हणायची: हो हो, आता पुष्कळ बरं. कुणाला दुखवायचं नसतं, कुणाला मूर्ख दिसायचं नसतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. नंतर हसूही येईना, नुसतं बरं वाटायचं, पाठ खाजवल्यासारखं. स्वतःच्या घरी पंखा सरळ होता, पण तो त्याच्याखाली झोपू शकत नसे. वरून चेहऱ्यावर पडणारा वारा त्याला कुणीतरी वाकून बघतंय असा वाटे. बायको झोपली की तो उशी घेऊन भिंतीशी सरके. बायकोनं एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

त्यानं टेस्टर लावून बघितलं, आता सगळं मेलेलं होतं. वाटी आणखी खाली सरकवली आणि आत डोकावला. आत भरपूर धूळ, कोळ्याचं जुनं कापड, आणि कंडेन्सर. काळा, बुटका नव्हे. पांढरट, लांबोडा. त्याला वाटलं आपली आठवण चुकतेय. बोटानं धूळ पुसली. नाही. बॅटरी धरून धरून खांदा भरून आलेली ती दुपार त्याच्या अंगात जशीच्या तशी होती. तो कंडेन्सर काळाच होता. म्हणजे बाबांनी मागाहून कधीतरी हा पुन्हा उघडला होता. जोड सोडवायला त्यानं चिकटपट्टी उकलली, तर निळ्या पट्टीखाली काळी पट्टी, काळीखाली तांब्याच्या तारांना दोनदोनदा पीळ दिल्याच्या खुणा, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. आणि एका वायरीला बारीक तार गुंडाळून वर शिशाची मोहर ठोकलेली. वाटाण्याएवढी. खात्याची. खऱ्या तराजूवर ठोकतात ती.

तो मोहर बोटांत फिरवत राहिला. धुळीतून साल वर आलं. मामा मेला ते साल.

रजा नव्हती! रजा काढूनच बसला असणार म्हातारा. बायको आणि पोरगा मसणात गेलेत, घर रिकामं, दार लावून घेतलंय. स्टूल ओढलं, वाटी खाली केली, मेलेल्या माणसानं सांगितलं होतं तसं दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. बटण दाबलं. आणि वारा आला. खुर्चीत, मधोमध, एकटे, मान वर करून, बनियन काढूनसुद्धा कदाचित, बाबा दिवसभर त्या वाऱ्यात बसले असतील. केस उडाले असतील. झोपही लागली असेल. कॅलेंडर गप्प लटकत असेल. मग, आमची यायची वेळ झाली तसं, पुन्हा स्टूल. पुन्हा वायरी होत्या तशा. जुना कंडेन्सर या उलटापालटीत गेला असेल, म्हणून नवा. आणि पुढेमागे कधी हात लावावा लागला तर चुकून बरोबर लागू नये, म्हणून ही मोहर. आई परत आली तेव्हा बाबा खुर्चीत होते, घामानं निथळत, वर्तमानपत्र वाचत. "झालं सगळं नीट?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. आई चटई उचलून स्वयंपाकघरात गेली होती.

त्यानं खाली बघितलं. बाबा त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे. बोटांत काय आहे हे इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण त्या डोळ्यांना दिसण्याची गरजही नव्हती. त्यांना माहीत होतं तिथे काय आहे. दोघांच्या मध्ये तो सबंध उकाडा उभा होता. त्याला वाटलं, आता हे डोळे भरतील. विनवतील. पाठ सडतेय रे, म्हणतील, कर सरळ. आणि देवाशपथ, त्यानं केला असता. वायरी सुटलेल्याच होत्या, टोकं त्याच्या चिमटीत होती, हात आपोआप निघालाच होता अदलाबदलीला. तेवढ्यात बाबांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. थरथरत वर आला. आणि मनगटातून एक छोटासा झटका, बोटं बाहेरच्या बाजूला फेकत. बाजूला हो. दुकानदाराला गल्ल्यावरून उठवायचे तेव्हाचा. बॅटरी हलली की त्याला करायचे तो. आईला, खोलीतून. तुला नाही जमणार, बाजूला हो.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मुंगी असेल."

मग त्याचे हात काम करू लागले. फार छान काम करू लागले, इतकं की त्याला स्वतःचं नवल वाटलं. नवा कंडेन्सर खिशातून काढला, बसवला. वायरीची टोकं नखानं खरवडून चकचकीत केली. ज्या वायरीवर मोहर होती ती होती त्याच बाजूला पिळली, दुसरी होती तिथेच. मोहर काढली नाही. वरून पट्टी गुंडाळली, घट्ट, एकावर एक अर्धी चढवत, बाबांनी शिकवली होती तशी. वाटी वर सरकवली, स्क्रू पिळला, पाती फडक्यानं पुसून घेतली. उतरताना त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं?" ती म्हणाली. मग ओठांतल्या ओठांत, "बदललंस?"

"बदललं."

दोघांनी मिळून खाट मधोमध ढकलली. चाकं कुरकुरली. त्यानं बाबांच्या अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली केली, मेन चालू केलं आणि बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. नव्या कंडेन्सरनं पंख्याला असा काही जोर आला की छताचा पोपडा सुटून फरशीवर पडला. भिंतीवर कॅलेंडर वेडंपिसं झालं. आईनं मान वर केली. तिला पात्याची कुठली कड पुढे जातेय हे कुणी शिकवायला नको होतं. तिनं आयुष्य घातलं होतं त्या पात्यांकडे बघण्यात. ती बघत राहिली. मग तिनं मुलाकडे बघितलं, लांबून ओळखीचं माणूस येताना दिसावं तसं, आधी शंका, मग खात्री. तिचे खांदे हलू लागले. आवाज न करता.

"बाबा," तो खाटेवर वाकला. "आता सुटला ना वारा?"

बाबांचे डोळे पात्यांवर होते. मग मुलावर आले. तिथून कॅलेंडरवर गेले आणि परत आले. कपाळावरून एक थेंब निघाला, भुवईपाशी थबकला आणि कानात उतरला. त्यांना मान हलवता येत होती, आडवी थोडी आणि उभी थोडी. भात नको असला की ते आडवी हलवत, हे डॉक्टरलाही माहीत होतं. दोघं वाट बघू लागली. आईनं स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं, पोपडा वेचला, फडकं झटकलं, तरी ते बघतच होते. त्यांच्या घशातून काहीतरी निघालं आणि दातांपाशी अडलं. आडवी मान हलवायची म्हणजे मग पुढचं सगळंच आलं असतं. खुर्ची, बनियन, स्वयंपाकघरातली चटई, मामाचा न प्यालेला चहा.

बाबांनी मान हलवली. उभी. एकदा. मग, कुणाला नीट दिसलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा.

"बघ, मी म्हणत होते," आई म्हणाली. "किती बरं वाटलं त्यांना." ती कपाटाकडे गेली, खालच्या फळीवरून जाड पांघरूण ओढून काढलं, डांबरगोळ्यांचा वास सुटलेलं, आणि दोन्ही हातांनी उघडत खाटेशी आली. "पण एवढा वारा एकदम सोसायचा नाही हो तुम्हाला. गारठाल. धर रे तिकडून."

त्यानं पायाकडचं टोक धरलं. दोघांनी मिळून ते ताणलं, सुरकुती न पडू देता, आणि गळ्यापर्यंत घातलं. आईनं खांद्यांशी खोचलं, त्यानं पावलांखाली. डावा हात तेवढा बाहेर राहिला होता. आईनं तो उचलला, मनगट हळुवार चोळलं, आणि आत घेतला.